बाबांचा कॉम्प्युटर, आईंचा वर्ग

लग्न होऊन मी नागपूरहून जबलपूरला आले, तेव्हा रेशन कार्डात माझं नाव चढायला बरेच महिने लागले. घरच्या कॉम्प्युटरवर मात्र ते दुसऱ्याच दिवशी चढलं.

सकाळचा चहा झाल्यावर सासऱ्यांनी मला पुढच्या खोलीत बोलावलं. खिडकीशी टेबलावर कॉम्प्युटर होता आणि त्याच्यावर सासूबाईंनी शिवलेलं निळ्या फुलांचं कव्हर. मॉनिटरला एक कव्हर, कीबोर्डला दुसरं, खाली ठेवलेल्या डब्याला तिसरं. बाबांनी ती एकेक करून काढली, घड्या घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि मशीन सुरू केलं.

"हे बघ, घरात प्रत्येकाचं आपलं खातं आहे. तुझंही बनवून देतो. चित्र कोणतं पाहिजे?"

मी सूर्यफूल निवडलं. नावाचं स्पेलिंग त्यांनी मला दोनदा विचारलं, कारण त्यांच्या मते मुलींच्या नावात लोक कुठेही जास्तीचा 'ए' घालतात. मग पडद्यावर त्यांचं, आईंचं, माझ्या नवऱ्याचं आणि त्याखाली माझं नाव आलं. नव्या घरात मला कुठे बसायचं, काय बोलायचं हे कळत नव्हतं. पण त्या पडद्यावर माझी जागा ठरलेली होती आणि का कोण जाणे, मला फार बरं वाटलं.

माझं शिक्षण कॉम्प्युटरचंच. नागपूरच्या एका कंपनीचं काम मी लॅपटॉपवर घरूनच करायची. त्यामुळे बाबांनी मला साधं खातं दिलंय हे मला लगेच दिसलं. म्हणजे वापरायचं सगळं, पण बदलायचं काही नाही. नवा प्रोग्राम टाकायचा असो, दुसऱ्याच्या फोल्डरला हात लावायचा असो, पासवर्ड विचारला जायचा आणि तो फक्त बाबांना माहीत. आईंचं खातंही साधंच, नवऱ्याचंही.

"चावी एकाच हातात बरी," ते म्हणाले. तेव्हा मी मान डोलावली.

बाबांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी मराठ्यांच्या चाकरीत इकडे आलं आणि इथलंच झालं. ते स्वतः महाराष्ट्रात कधीच राहिले नव्हते. त्यांची मराठी आमच्या नागपूरकडची वाटायची, पण बोलता बोलता हिंदीत शिरायची आणि आपल्याला न कळता परत यायची. सगळी नोकरी त्यांनी एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात केली. आधी ट्रेसिंग पेपरवर यंत्रांचे भाग काढायचे. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीचे लांबून बघत होते आणि हे जाऊन बसले. काळ्या पडद्यावर हुकूम टाईप करायचा तो जमाना. माप लिहिण्याआधी ते मोठ्याने म्हणायची त्यांना ड्रॉइंग ऑफिसातली सवय होती. ती पुढेही राहिली. पासवर्ड टाकताना खांदा आडवा धरायचे, डाव्या हाताने कीबोर्ड झाकायचे आणि ओठातल्या ओठात एकेक अक्षर म्हणायचे. मी अशा वेळी उगीच खिडकीबाहेर बघायची.

आई एका हिंदी शाळेत प्राथमिकच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या घरी दर रविवारी मराठीचा वर्ग सुरू केला. मुलं दोन तऱ्हेची यायची. काही आमच्यासारख्या जुन्या घरांतली, काही बँकेत, फौजेत, कॉलेजात बदलून आलेल्या लोकांची. सगळ्यांना मराठी कळायची. बोल म्हटलं की हिंदीत उत्तर. आई विचारायच्या, "सकाळी काय खाल्लं?" आणि मुलं म्हणायची, "पोहा खाया, आजी." आई म्हणायच्या, "पोहा खाया नाही, पोहे खाल्ले." मुलं एका सुरात, "खाल्ले!" आणि पुढचं वाक्य पुन्हा हिंदीत.

एकदा नवऱ्याने ओमतीच्या बाजारातून माइक लावलेला हेडफोन आणून दिला. आईंनी एका मुलीला त्यात बोलायला लावलं आणि तिचाच आवाज तिला ऐकवला. ती इतकी लाजली आणि इतकी हसली, की बाकीच्यांनी रांग लावली. "आजी, पहले मेरा!" तेव्हा आईंच्या डोक्यात आलं की दर रविवारी प्रत्येकाचं दोन मिनिटं बोलणं भरून ठेवायचं आणि वर्ष सरलं की पहिलं आणि शेवटचं शेजारी शेजारी ऐकवायचं. त्यासाठी प्रत्येक मुलाचा वेगळा फोल्डर हवा. आणि नाव मराठी अक्षरांत हवं, ही त्यांची अट.

"मराठीचा वर्ग आहे आणि नाव इंग्रजीत काहून?"

हे काम मी हाताने अर्ध्या तासात केलं असतं. पण बाबा ताठ होऊन बसले. "हाताने काहून? स्क्रिप्ट लिहितो. पुढच्या वर्षी नवी मुलं आली, की नुसती नावं बदलायची, सगळे फोल्डर आपोआप बनतात." स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेला निरोप: ही नावं घे आणि एकेका नावाचा फोल्डर बनवत जा. त्यांनी ते ड्रॉइंग ऑफिसात पूर्वी केलेलं होतं. म्हणाले, "चहा होईस्तोवर बनवतो."

पूर्ण आठवडा गेला. त्या आठवड्याइतकी मजा मला त्या घरात त्याआधी आली नव्हती.

पहिल्या दिवशी काळी खिडकी उघडली, ओळीवर ओळ चुका आल्या आणि खिडकी मिटली. एकही फोल्डर नाही. बाबांनी नावांची फाईल पुन्हा उघडली, तर सगळ्या मुलांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

"अरे! मी तर नीट लिहिलं होतं. ही काय भानगड?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "माझ्या वर्गात पहिल्या दिवशी तशीच असतात ती."

मी त्यांना दाखवलं, की फाईल साठवतानाच कोणत्या लिपीला जागा ठेवायची ते सांगावं लागतं. जुन्या पद्धतीने साठवली, की इंग्रजीखेरीज सगळ्याची प्रश्नचिन्हं होतात, आणि फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. त्यांनी तसं साठवलं. स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली. आता पहिल्याच ओळीवर चूक यायला लागली. मी म्हटलं, "बाबा, पहिली ओळ रिकामी सोडा. फाईलच्या सुरुवातीला न दिसणारी खूण बसते, ती पहिल्या ओळीला चिकटते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "न दिसणारी?"

"हो."

"अच्छा." थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, "ठीक आहे. मार्जिन समजू." आणि पहिली ओळ रिकामी सोडली.

दुसऱ्या दिवशी फोल्डर बनले, पण मुलांपेक्षा बरेच जास्त. नाव आणि आडनाव यांच्या मधली जागा बघून कॉम्प्युटरने ते दोन वेगळे लोक धरले होते. एका फोल्डरचं नाव नुसतं नाव, पुढच्याचं नुसतं आडनाव. दोघा सख्ख्या भावंडांचं आडनाव दुसऱ्यांदा आलं तेव्हा 'हा फोल्डर आधीच आहे' म्हणून तक्रार. आई पदराला हात पुसत येऊन उभ्या राहिल्या, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आडनावांनाही शिकवायचं का मी?" बाबा हसले नाहीत, पण कान लाल झाले. नावांना अवतरण चिन्हं घालून ते निभावलं.

मग त्यांनी आपल्या मनाने पुढची पायरी गाठली. वर्गाचे फोल्डर कुणी चुकून पुसू नयेत म्हणून एक मुख्य फोल्डर बनवला आणि त्याला असं कुलूप घातलं, की बाकीच्यांना नुसतं बघता येईल. तिथे स्क्रिप्ट ठेवून चालवली, तर त्यांनाच 'परवानगी नाही' असं आलं. म्हणून उजवं बटण दाबून त्यांनी ती मालकाच्या हक्काने चालवली. या वेळी चूक नाही, तक्रार नाही. आणि फोल्डरही नाहीत.

"चाललं तर बरोबर. मग गेले कुठे?"

संध्याकाळी नवरा शहपुऱ्याहून आला. त्याची बदली तेव्हा बँकेच्या तिथल्या शाखेत होती, रोज बसने जाणं-येणं. बूटही न काढता तोही पडद्यासमोर उभा राहिला. मी शोधायला बसले. फोल्डर सापडले ते कॉम्प्युटरच्या अगदी पोटात. जिथे त्याच्या स्वतःच्या कामाच्या हजारो फायली असतात आणि कुणी कधी जात नाही, तिथे आमच्या मुलांची नावं देवनागरीत ओळीने बसलेली. मालकाच्या हक्काने स्क्रिप्ट चालवली, की ती आपल्या जागेवरून न चालता तिथून सुरू होते, हे बाबांना कुठून माहीत असणार. मलाही ते एकदा फसल्यावरच कळलं होतं.

"म्हणजे पोरं डायरेक्ट मोठ्या साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन बसली," बाबा म्हणाले. आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा ते खदखदून हसले. हसता हसता त्यांना खोकला आला. आईंनी पाणी आणलं, नवऱ्याने पाठ चोळली आणि बाबा पुन्हा पडद्याकडे बघून हसायला लागले.

मी त्यांना एक ओळ सांगितली. तिचा अर्थ: आधी आपल्या जागेवर ये, मग काम कर. त्यांनी ती रिकाम्या मार्जिननंतर लिहिली आणि शनिवारी सगळे फोल्डर जिथे हवेत तिथे, पूर्ण नावांनिशी, उभे राहिले. रात्री आईंनी शिरा केला.

रविवारी मुलं आली. आईंनी आपलं खातं उघडलं, पहिल्या मुलाला माइकसमोर बसवलं, त्याचं बोलणं भरलं आणि साठवायला गेल्या. 'परवानगी नाही.' पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"अहो," त्यांनी हाक मारली, "माझ्या वर्गात मलाच परवानगी नाही म्हणून राहिला हा."

बाबा दिवाणावर पेपर वाचत होते. ते लगबगीने आले, खांदा आडवा धरला, पासवर्ड टाकला, आवाज साठवला आणि परत जाऊन बसले. दुसऱ्या मुलाच्या वेळी पुन्हा हाक. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी दिवाणावर जाणंच सोडलं, स्टूल ओढून टेबलाशी बसले.

वर्ग सुटल्यावर मी म्हटलं, "बाबा, त्या फोल्डरवर आईंच्या खात्याला लिहायचा हक्क देऊन टाका ना. दोन मिनिटांचं काम आहे. मी दाखवते."

"देऊ, देऊ," ते म्हणाले. "घाई काय आहे? मी आहे ना घरात."

पुढच्या रविवारीही तेच, त्याच्या पुढच्याही. मी आठवण केली, की ते विषय बदलायचे. आईंनी एकदा सरळ विचारलं, "मला दिलं तर मी काय बिघडवणार आहे?" बाबा म्हणाले, "बिघडवणार नाहीस, पण तुला काय पाहिजे ते सांग, मी करून देतो ना." त्या दिवशी आईंनी भांडी जरा जोरात ठेवली.

मला सुरुवातीला बाबांचा राग आला. मग एका रविवारी मी खोलीच्या दारात उभी राहून बघत होते. मुलगा बोलत होता, आई खुणेने त्याला धीर देत होत्या, आणि बाबा स्टुलावर पुढे झुकून, हाक यायच्या आधीच हात कीबोर्डवर ठेवून बसले होते. धुतलेला शर्ट, विंचरलेले केस. कारखाना सुटल्यापासून त्यांना कुणी कामासाठी हाक मारली नव्हती. आता आठवड्यातून एक सकाळ कुणीतरी मारत होतं. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

पावसाळा सरता सरता बाबांना डेंग्यू झाला. पुष्कळ दिवस दवाखान्यात गेले. एक आठवडा तर असा गेला, की आई दवाखान्याच्या बाकावरून उठल्या नाहीत आणि मी घर आणि दवाखाना करत राहिले. ते घरी आले तेव्हा शर्ट अंगावर लोंबत होता. दिवाळी अशीच गेली. वर्ग बंद होता, कॉम्प्युटर निळ्या फुलांच्या कव्हराखाली.

थंडी पडली, मटर आला आणि मुलांच्या आया विचारायला लागल्या. आईंनी वर्ग पुन्हा सुरू करायचं ठरवलं. त्या रविवारी बाबा टेबलाशी बसले. खांदा आडवा, हात आडवा. ओठ हलले आणि थांबले. पडद्यावर 'पासवर्ड चुकीचा' असं आलं. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. मुलं माइकवरून भांडत होती. बाबा म्हणाले, "आज सिस्टम अपडेट होऊन राहिली. आज नको."

पुढच्या रविवारी ते म्हणाले, "थंडीत मशीन तापू दिलं पाहिजे आधी." असं काही नसतं. आईंनी मुलांना गोष्ट सांगितली, गाणी म्हणवली, वर्ग सोडला. मी एकीकडे होऊन म्हटलं, "आई, तुम्ही तुमच्या खात्यात दुसरीकडे भरून ठेवा ना आवाज. मी नंतर हलवीन." त्या म्हणाल्या, "नको. पोरांचं अर्धं इथे, अर्धं तिथे कशाला? जिथे आहे तिथेच जाऊ दे."

मधल्या दिवसांत मी बाबांना कॉम्प्युटरसमोर बसलेलं बघायची. आई आंघोळीला गेल्या, की ते हळूच जाऊन बसायचे, काहीतरी टाईप करायचे आणि पावलांचा आवाज आला की कव्हर घालायचे. एकदा मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांचे हात कीबोर्डवर तसेच होते आणि ते खिडकीबाहेर बघत होते.

"बाबा, मी काही करू का?" मी विचारलं. पासवर्ड विसरला तरी नवा घालायचे मार्ग असतात आणि मला ते येत होते.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "रोजचा होता. रोज टाकत होतो मी. तापाने कुठे धुऊन नेला काय माहीत." आणि मग फार हळू, "अजून काय काय गेलं असेल?"

मी स्वयंपाकघरात येऊन आईंना सांगितलं आणि म्हटलं, "मी नवा घालून देते, दहा मिनिटांत होईल." आईंनी माझा हात धरला. "थांब. तू नको करू. तू केलं तर तो तुझा होईल. त्यांना त्यांचाच सापडला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्याने शहपुऱ्याहून आणलेली मटरची पिशवी घेऊन आई पुढच्या खोलीत आल्या. स्वयंपाकघरात सोलायच्या त्या नेहमी, पण त्या दिवशी चटई बाबांच्या खुर्चीशी टाकली. मला म्हणाल्या, "बस, तूही सोल." बाबांसमोर कव्हर काढलेला कॉम्प्युटर, त्यावर आमची चार नावं.

आई शेंगा फोडता फोडता मला म्हणाल्या, "आमचं लग्न झालं तेव्हा कारखान्याचं क्वार्टर होतं बघ. शेवटच्या लाईनीत."

बाबा म्हणाले, "शेवटच्या काहून? शेवटून दुसऱ्या."

"अच्छा, दुसऱ्या असेल. अंगणात आंब्याचं झाड होतं."

"आंब्याचं कुठलं! जांभळाचं. तुझ्या सगळ्या साड्या जांभळ्या झाल्या होत्या, विसरली?"

"हो हो, जांभळाचं." आईंनी डोकं वर केलं नाही. "आणि तुम्ही ड्युटीवरून यायचे तर सायकल आत घ्यायला जागा नसायची. ती गाय दारातच बसलेली असायची."

बाबा खुर्चीत वळले. चेहऱ्यावर हसू आलं होतं. "उठायची नाही. मी घंटी वाजवून वाजवून थकायचो आणि तू आतून नुसतं नाव घेतलं, की उठून चालायला लागायची."

"मी काय म्हणायची हो तिला? मला तर आठवूनच नाही राहिलं."

बाबांनी गाईचं नाव घेतलं. हसत हसत घेतलं. आई म्हणाल्या, "हां, तेच. आणि क्वार्टरचा नंबर..." आणि तिथेच थांबल्या, एक शेंग घेऊन ती फार लक्ष देऊन सोलायला लागल्या.

बाबांनी नंबर सांगितला. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. ते हळूहळू पडद्याकडे वळले. खांदा आडवा धरला, डावा हात आडवा, आणि ओठातल्या ओठात एकेक अक्षर म्हणत टाईप केलं. त्यांचं खातं उघडलं. मागे त्यांनी लावलेला नर्मदेवरचा सकाळचा फोटो आला.

"आला," ते म्हणाले. नुसतं एवढंच. आई म्हणाल्या, "बरं झालं. चलो, मी मटर टाकते." ताट उचलून त्या आत गेल्या.

मी मागोमाग गेले. "आई, तुम्हाला माहीत होता?"

"इतकी वर्षं बोलून बोलून टाकून राहिले ते. अगं, दूधवाल्यालाही माहीत असेल."

"मग तुम्हीच का नाही टाकलात? पहिल्या रविवारीच टाकता आला असता."

आईंनी कढईत तेल घातलं. "चोरून उघडायचं नव्हतं मला. त्यांनी द्यायला पाहिजे होतं." आणि जिऱ्याचा डबा माझ्याकडून मागून घेतला.

त्याच संध्याकाळी बाबांनी मला हाक मारली. "ते तू म्हणत होती ना, हक्क द्यायचं. दाखव कुठे असतं."

मी सांगत गेले, ते करत गेले. माउसला मी हात लावला नाही. वर्गाच्या फोल्डरवर उजवं बटण, मग सुरक्षा नावाचा भाग. तिथे खात्यांची नावं आणि त्यांच्यासमोर चौकटी. आईंच्या नावापुढे फक्त बघण्याच्या चौकटीत खूण होती. मी म्हटलं, "लिहिण्याच्या चौकटीत खूण करा, पुरेल." बाबांनी सगळ्यात वरच्या चौकटीत केली. ती केली, की खालच्या सगळ्या आपोआप भरतात. पूर्ण हक्क.

"आतल्या सगळ्या फोल्डरांनाही लागू?" त्यांनी विचारलं.

"हो, आतल्याही."

"मुलांच्या सगळ्या?"

"सगळ्या."

मग ते आणखी एका ठिकाणी गेले. मी सांगितलं नव्हतं. खात्यांच्या यादीत जाऊन त्यांनी आईंचं साधं खातं बदलून मालकाचं केलं. आईंना बोलावलं आणि म्हणाले, "हे घे. आता तुझाही पासवर्ड ठेव. मला नको सांगू."

आई खुर्चीवर बसल्या. आम्ही दोघांनी तोंडं फिरवली. एक अक्षरही न बोलता त्यांनी पासवर्ड टाकला आणि तो काय होता ते आजतागायत घरात कुणाला माहीत नाही.

त्यानंतर रविवारी बाबांची टेबलाशी गरज उरली नव्हती. पहिल्या रविवारी ते पेपर घेऊन दिवाणावर बसले आणि एकच पान किती वेळ धरून होते. आईंनी दोन मुलांचं बोलणं भरलं, साठवलं. तिसऱ्याला माइक दिला आणि म्हणाल्या, "अहो, आवाज बारीक येऊन राहिला, बघा ना जरा." आवाज अगदी नीट येत होता, मी ऐकत होते. बाबांनी पेपर ठेवला आणि स्टूल ओढलं.

त्यांनी ते स्टूल आणखी तीन-चार वर्षं तरी ओढलं. दर उन्हाळ्यानंतर नवी नावं यायची, स्क्रिप्ट चालायची. वर्षाच्या शेवटी आई मुलांना त्यांचे पहिले आणि शेवटचे आवाज ऐकवायच्या आणि बाबा पालकांसाठी खुर्च्या मांडायचे. मग फौजेतली घरं बदलून गेली, बँकेतली गेली, मोठी झालेली मुलं ट्यूशनमध्ये अडकली. बाबा एका सकाळी झोपेतच गेले. कुणाला काही त्रास न देता. नवऱ्याची बदली नागपूरला झाली आणि आई आमच्याबरोबर आल्या. घर आम्ही भाड्याने दिलं. नागपुरात सगळीकडेच मराठी, त्यामुळे आईंना पहिले काही महिने शिकवायला कुणी सापडेना आणि त्या जरा हिरमुसल्या होत्या.

गेल्या वर्षी एका लग्नासाठी आम्ही जबलपूरला गेलो होतो. ओमतीत आहेराच्या साड्या घेऊन बाहेर आलो, तर गर्दीतून एक उंच मुलगी थेट आईंसमोर येऊन उभी राहिली. पाठीवर कॉलेजची बॅग. वाकून पाया पडली.

"आजी, पहचाना?" आणि लगेच थांबली, डोळे मिटून शब्द जुळवले. "ओळखलं का... तुम्ही मला?"

आईंनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे केला. "ओळखलं की. तू फार पटपट बोलायची. आता काय करून राहिली?"

"मी आता... इंजिनिअरिंग... शिकते. दुसऱ्या साल... वर्षाला आहे."

ती अडखळत, हात हलवत, मध्येच हसत बोलत होती. कोणते विषय, मेस कशी आहे, घरी आता आईशी मराठीत भांडते. आई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून एकेक शब्द ऐकत होत्या, कुठेही दुरुस्त करत नव्हत्या. मागे एक ई-रिक्षा येऊन थांबली. चालकाने भोंगा वाजवला आणि ओरडला, "माताजी, साइड दो!"

आईंनी मागे वळूनही बघितलं नाही. हात वर करून म्हणाल्या, "थांब रे भैया, पोरगी बोलून राहिली."